एफएक्यू नाक

सकाळी सव्वासहाला समोरच्या ओट्यावर स्टीलचं ताट वाजलं की आमच्या गल्लीला कळतं, साहेबांचं नाक उठलं. साहेब स्वतः त्याच्या बरेच आधी उठलेले असतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तर ते रात्रभर झोपलेलेच नसतात. ताट रात्री माठावर पालथं घालून गार केलेलं असतं. ते नाकाखाली आडवं धरायचं, तोंड मिटायचं, एक श्वास सोडायचा आणि चष्मा कपाळावर सारून ताटावर उमटलेले वाफेचे दोन डाग पाहायचे. मग निकाल लागतो. "डावी एफएक्यू. उजवी कवडी." निकाल ऐकायला समोरच्या अंगणात मी दात घासत उभा असतो, दूधवाला असतो आणि आतून काकूंचा आवाज असतो, "झालं असन तं ताट द्या इकडं, कनीक भिजवाची हाय."

एफएक्यू म्हणजे फेअर ॲव्हरेज क्वालिटी. हे पांढरकवड्यात शाळेची पायरी न चढलेल्यालाही ठाऊक असतं. कवडी म्हणजे किडका, पिवळट, बोंडातून धड न सुटलेला कापूस. साहेब नाकाला कापसाची भाषा लावतात यात नवल नाही. त्यांना दुसरी भाषा येतच नाही. एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली. कापूस विकायचा तर सरकारलाच, दुसऱ्या कोणाला नाही, असा कायदा होता. आणि सरकार म्हणजे त्या दिवशी काट्याजवळ उभा असलेला ग्रेडर. साहेब ग्रेडर होते. गावात कलेक्टर येऊन गेले, आमदार येऊन गेले, पण नुसतं 'साहेब' म्हटलं की अजूनही हेच.

मी लहानपणी बाबांबरोबर बंडीवर बसून गेलो होतो, तेव्हाचे साहेब मला आठवतात. बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. साहेब यायचे, हात कोपरापर्यंत कापसात खुपसायचे आणि तळातला मूठभर काढायचे. वरचा कधीच घ्यायचे नाहीत. वरचा कापूस दाखवायसाठी असतो, असं त्यांचं मत. मग चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा, आणि सरळ झालेले तंतू नखावर आडवे ठेवून पाहायचे. एक सरकी दाताखाली. कट् वाजली तर वाळलेली, नुसती चेपली तर आदल्या रात्री कोणीतरी गंजीवर पाणी शिंपडलं आहे. "अठ्ठावीस. फेअर." अठ्ठावीस म्हणजे तंतूची लांबी, मिलिमीटरमध्ये. मोजपट्टी नाही, यंत्र नाही. आणि त्या एका शब्दावर वर्षाचा चुकारा ठरायचा.

बाबा म्हणाले होते, "साहेब, पुन्हा एकडाव पाहा ना. मले तं चांगला वाटते."

साहेबांनी बाबांकडे पाहिलंही नाही. ते शुद्ध, सरकारी मराठीत म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं याला इथे किंमत नाही. माल काय आहे ते महत्त्वाचं."

हे वाक्य त्यांनी तीस-पस्तीस वर्षांत किती हजार माणसांना ऐकवलं असेल, देव जाणे. मी ते विसरलो नव्हतो. पुढे ते उपयोगी पडलं.

निवृत्त झाल्यावर हातात कापूस राहिला नाही, पण ग्रेड देण्याची खोड गेली नाही. लग्नातली बुंदी फेअर. नवा तहसीलदार एफएक्यू, पण कचरा जास्त. 'सुपर', म्हणजे सगळ्यांत वरचा दर्जा, त्यांनी आयुष्यात फार जपून खर्च केला. यवतमाळला १९७३ साली साहित्य संमेलन झालं, गदिमा अध्यक्ष होते. साहेब तेव्हा ऐन विशीत, सायकल टाकून ऐकायला गेले होते. त्या भाषणाला सुपर. मग २०१९च्या जानेवारीत संमेलन पुन्हा यवतमाळला आलं. या वेळी मी त्यांना मोटरसायकलवर घेऊन गेलो. उद्घाटनाआधीच एका लेखिकेला निमंत्रण देऊन ते मागे घेण्यावरून रान पेटलेलं. साहेबांनी अध्यक्ष अरुणा ढेरे यांचं भाषण डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "सुपर." मग डोळे उघडून, "निमंत्रनाचा कारभार कवडी." आणि लगेच, "मांडवात धूळ लय हाय गा, माही उजवी गेली."

उजवी म्हणजे उजवी नाकपुडी. साहेबांशी कुठलंही बोलणं तीन मिनिटांत तिथे येऊन पोचतं. कापसाचा भाव म्हणा, सुनेचं बाळंतपण म्हणा, टिपेश्वरचा वाघ म्हणा, वाघ नाकपुडीपर्यंत येतोच. "वाघाचं बरं हाय, त्याचं नाक मोकयं असते." नाक बंद असलेली माणसं मी खूप पाहिली. जिनिंगच्या गावात ती असायचीच. दिवाळीपासून मार्चपर्यंत हवेत रुईचे तंतू तरंगत असतात, दोरीवरच्या वाळत्या धोतराला दाढी येते. पण ती माणसं शिंकरतात आणि कामाला लागतात. साहेबांचं नाक ही एक संस्था आहे. तिला वेळापत्रक आहे, इतिहास आहे, आणि रोज निघणारं निवेदन आहे.

ताटाची युक्ती आपली स्वतःची, असा त्यांचा समज. मी विज्ञानाचा मास्तर, मला राहवलं नाही. सांगितलं की झ्वार्डेमाकर नावाच्या एका डच डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हेच केलं होतं, गार आरसा नाकाखाली धरून. आणि मग ग्लात्सेल नावाच्या जर्मनाने पत्र्यावर रेघा आखून त्याची मापपट्टी केली. साहेबांनी विचार केला आणि म्हणाले, "त्यायच्या घरी ताट नसन." मे महिन्यात मात्र पंचाईत होते. पारा ४५वर गेला की माठावरचं ताटही कोमट निघतं, वाफ धरतच नाही. साहेबांचं नाक दीड महिना बिनग्रेडचं राहतं. एकदा त्यांनी ताट फ्रीजमध्ये ठेवलं होतं. काकूंनी ते आमरसासकट बाहेर काढलं आणि त्या विषयावर पडदा पडला.

उपाय सगळे झाले. जलनेतीचं तोटीचं भांडं आणलं; पाणी उजवीतून घातलं ते डावीतून येण्याऐवजी घशात गेलं आणि साहेब दोन दिवस पाण्याला 'नमुना' म्हणत होते. कापराची पुरचुंडी झाली, ओव्याची झाली. आमच्याकडचे एक निवृत्त तलाठी स्वरशास्त्र जाणतात. घरातून निघताना कोणती नाकपुडी चालू आहे ते पाहून ते पहिलं पाऊल टाकतात आणि त्यामुळे त्यांची बस नेहमी चुकते. ते म्हणाले, "साहेब, दोन्ही एकदम चालाव्या कायले? डावी चंद्रनाडी, उजवी सूर्यनाडी. पाळीपाळीनंच चालनार."

गंमत अशी की तलाठी बरोबर होते. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसल पडदे असतात, त्यात रक्त भरतं तेव्हा ती बाजू अरुंद होते, उतरतं तेव्हा मोकळी होते; आणि बहुतेकांमध्ये काही तासांनी ही पाळी बदलते. काइझर नावाच्या जर्मन डॉक्टराने १८९५ साली हे लिहून ठेवलं. दोन्ही बाजूंची बेरीज साधारण तेवढीच राहते, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. ज्याला पत्ता लागतो त्याचा साहेब होतो. तलाठ्यांनी आणखी एक गुपित सांगितलं: काखेत दाब दिला की त्या बाजूची नाकपुडी मिटते आणि दुसरी उघडते. जोग्यांचा योगदंड त्यासाठीच असतो. साहेबांकडे योगदंड नव्हता. त्यानंतर सहा महिने ते बसस्टँडवर छत्रीची मूठ डाव्या काखेत दाबून, थोडे कलून उभे असायचे. लोकांना वाटलं अर्धांग झाला. दोन जण घरी भेटायलाही आले, केळी घेऊन.

शेवटी आमच्या गावचीच एक पोरगी त्यांना सापडली. ती नागपूरला नाक-कान-घशात एम.एस. करत होती आणि तिच्या प्रबंधाचा विषयच असा होता की माणसाला श्वास किती मोकळा वाटतो आणि यंत्रावर तो किती मोकळा निघतो, या दोन्हींचा मेळ बसतो का. तिला नाकं हवी होती. दुखणाईत हवी होती आणि धडधाकट हवी होती. साहेब म्हणाले, "यंत्र हाय?" ती म्हणाली, हो. त्या रात्री म्हणे साहेबांना गाढ झोप लागली, पण हे काकूंचं म्हणणं. साहेब ते मान्य करत नाहीत.

पांढरकवडा ते नागपूर दीडशे किलोमीटर. वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी. साहेब खिडकीशी, मध्ये काकू, कडेला मी. काकू आल्या त्या नणंदेला भेटायच्या निमित्ताने. डब्यात तिळाची चटणी, भाकरी आणि वांग्याचं भरीत. वर्धा नदीच्या पुलावर साहेबांनी खिडकी उघडली, लांब श्वास घेतला. म्हणाले, "नदीवर बरं वाटते. लिहून ठेव." मी लिहून ठेवलं.

पोरीने आधी कागद दिला. पाच प्रश्न. गेल्या महिन्याभरात नाक चोंदल्यासारखं वाटलं का, बंद वाटलं का, नाकाने श्वास घ्यायला त्रास झाला का, झोपेला त्रास झाला का, चालताना-कष्ट करताना नाकातून हवा पुरेनाशी झाली का. प्रत्येकाला शून्य ते चार. बेरीज करून पाचने गुणायची, म्हणजे शंभरात गुण निघतात. अमेरिकेत २००४ साली बेतलेला हा कागद आता जगभर चालतो. साहेबांनी पाचही प्रश्नांवर चाराला गोल केला आणि विचारलं, "पाच नाही?" मग एक दहा सेंटिमीटरची आडवी रेघ. एका टोकाला 'अगदी मोकळं', दुसऱ्या टोकाला 'पूर्ण बंद'. तुम्हाला वाटेल तिथे खूण करायची. साहेबांनी रेघ निरखली, अंगठ्याचं नख तिच्यावर ठेवलं आणि खूण केली. पोरीने पट्टी लावली. साडेनऊ सेंटिमीटर.

"नऊ पूर्णांक पाच," साहेब पट्टी पाहण्याआधीच म्हणाले होते.

मग यंत्र. चेहऱ्यावर मुखवटा, एका नाकपुडीला चिकटपट्टीने लावलेली बारीक नळी. ती नळी नाकाच्या मागच्या अंगाचा दाब सांगते, आणि दुसऱ्या नाकपुडीतून किती हवा जाते ते मुखवटा मोजतो. मग बाजू बदलायची. १५० पास्कल दाबाला किती हवा आत गेली, यावरून नाकाचा अडसर काढतात. रायनोमॅनोमेट्री असं तिचं भारदस्त नाव. पडद्यावर आडव्या पडलेल्या एससारखी रेघ उमटायला लागली आणि साहेब मुखवट्यातून काहीतरी बोलले. पोरगी म्हणाली, "काका, बोलू नका, तोंडातून हवा जाते." साहेबांनी तोंड मिटलं. चार मिनिटं साहेब न बोलता बसलेले पाहण्याचा योग गल्लीतल्या दुसऱ्या कोणाला आलेला नाही.

पुढचं यंत्र साधं. मुखवट्याला एक नळकांडी, त्यात सरकणारी खूण. जोरात नाकाने ओढायचं, मिनिटाला किती लिटर ते कळतं. तीनदा ओढायचं, त्यातला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. साहेबांचे ११०, १२५ आणि १४० आले. यात जिंकता येतं हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते चौथ्यांदा ओढायला लागले. पोरीने हळूच नळकांडी काढून घेतली.

ती पडद्याकडे पाहून म्हणाली, "काका, तुमचं नाक अगदी चांगलं आहे. दोन्ही बाजू मिळून अडसर ०.२२. साधारण ०.३पर्यंत ठीकच म्हणतात."

साहेब काही बोलले नाहीत. मग अगदी हळू, "पण मले तं बंद वाटते ना, बेटा."

मला त्यांच्याकडे पाहवेना आणि दुसरीकडेही पाहवेना. पोरीने बिचारीने नेमकं तेच म्हटलं, काही माहीत नसताना म्हटलं: "तुम्हाला वाटतंय, हे मी लिहून घेतलंच आहे काका. पण मोजलं तर मोकळं आहे."

आता साहेबांचं बळ परत आलं. दाब, हवा, नळी हे शब्द ऐकून ते आपल्या मैदानात आले होते. "तुह्या यंत्राची गोठ मले नको सांगू," ते म्हणाले. "कापसाचं मायक्रोनेअर माईत हाय? ठरलेल्या वजनाचा कापूस डबीत दाबते, त्यातून हवा सोडते. जास्त हवा गेली तं जाडा, कमी गेली तं बारीक. मोठमोठ्या गिरण्या त्या आकड्यावर पैसा मोजते. पन मी सांगतो तुले. कच्चा कापूस असन, भरलाच नाही, चपटा राह्यला, तं त्यातूनही हवा कमीच जाते. यंत्र म्हनते बारीक. अन् बोट लावलं का बोट म्हनते, बारीक कायचा, कच्चा हाय! हवेले काय समजते कच्चं-पक्कं?"

हे खरं आहे. मायक्रोनेअरला बारीकपणा आणि अपुरी पक्वता वेगळी सांगता येत नाही, हे कापसाच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं. पोरगी थक्क झाली. तिने वहीत टिपून घेतलं. मला मात्र हसू आवरणं कठीण गेलं, कारण तीस वर्षं "तुम्हाला काय वाटतं याला किंमत नाही" म्हणणारा माणूस आता वाटण्याची बाजू लढवत होता, आणि वाईट म्हणजे चांगली लढवत होता.

पोरीने मग चहा मागवला आणि समजावून सांगितलं. श्वासाच्या एकूण वाटेत जो अडसर असतो त्याचा निम्म्याहून जास्त वाटा मुळातच नाकाचा. अडवणं हे त्याचं कामच आहे. अडवून गरम करायचं, ओलं करायचं, गाळायचं. आणि हवा किती गेली हे नाकाला मोजता येतच नाही. त्याला कळतो तो गारवा. हवा आत जाताना आतली कातडी जरा थंड होते, तो थंडावा मेंदूपर्यंत पोचला की आपण म्हणतो, मोकळं आहे. थंडावा पोचला नाही तर हवा पखाल भरून जाऊ दे, माणूस म्हणतो गुदमरतोय.

"म्हणून विक्स," ती म्हणाली, आणि तिने पुदिन्याच्या सत्त्वाची बाटली साहेबांच्या नाकाखाली धरली. साहेबांचे डोळे मोठे झाले. तिने नवी रेघ पुढे केली. खूण पडली तीन सेंटिमीटरवर. मुखवटा पुन्हा चढला, पडद्यावर तीच रेघ, तोच आकडा, ०.२२. मेंथॉलने नाक एका केसाइतकंही उघडत नाही. ते फक्त थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना गुदगुल्या करतं. कार्डिफच्या रॉन एक्लस यांनी हे वर्षानुवर्षं मोजून दाखवलं आहे. थंडीची ती कळ नेमकी कोणती, हे २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन यांनी वेगवेगळं काम करून शोधलं, दोघांनीही मेंथॉलच वापरून. आणि २०२१चं नोबेल त्या दोघांना मिळालं. म्हणजे आजीच्या विक्सच्या डबीत काय चाललं होतं ते कळायला एवढा खटाटोप लागला.

साहेब म्हणाले, "म्हंजे मले फसवलं."

"कोणी, काका?"

"तेच तं समजून नाही राह्यलं."

तेवढ्यात तिने दुसऱ्या चाचणीसाठी नाकात मारायच्या औषधाची बाटली काढली आणि म्हणाली, आता फवारा मारते. साहेबांचा चेहरा एकदम बदलला. "यात औषध कोनतं हाय? नाव सांग आधी." ती जरा गोंधळली. आमच्या जिल्ह्यात 'फवारा' हा शब्द २०१७पासून कोणी सहज ऐकत नाही. त्या हंगामात डोक्यावर गेलेल्या कपाशीत फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, त्यातले दोघे साहेबांच्या माहितीतले होते. तिने नाव वाचून दाखवलं, झायलोमेटाझोलिन. आतली सूज उतरते, पण आठवडाभरापेक्षा जास्त मारत राहिलं तर नाक उलट जास्त चोंदतं. साहेबांनी चष्मा लावून बाटली स्वतः वाचली. मगच मान वर केली.

"कापून टाकता येत असन तं टाक," सगळं झाल्यावर त्यांनी शेवटचा डाव टाकला. ती म्हणाली, काका, काही लोकांचे आतले पडदे फार कापले गेले. नाक बोगद्यासारखं मोकळं झालं, यंत्रावर आकडा सुरेख. आणि तीच माणसं रात्रंदिवस सांगतात, श्वास पुरत नाही. रिकाम्या नाकाचा आजार म्हणतात त्याला. साहेबांनी नाकावरून हात फिरवला आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

आता खरं म्हणजे आम्ही निघणार होतो. पण पोरीला धडधाकट नाकंही हवी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला सर्दी होती. मग तिने काकूंकडे पाहिलं. काकू बाकावर बसून भाकरीचा डबा बांधत होत्या.

"मले कायले? मले काय झालं?" काकू म्हणाल्या. "मी तं झोपतो चांगली." त्यांनी पाचही प्रश्नांना शून्य दिलं. रेघ पुढे केली तर अगदी टोकाला, मोकळ्याच्या बाजूला, रेघ संपते तिथे खूण केली. पेन कागदाबाहेर जायचं तेवढं राहिलं. मुखवटा लावताना पदर सांभाळत होत्या आणि हसत होत्या.

पडद्यावर रेघ जवळजवळ आडवी झाली. पोरीने नळी तपासली, चिकटपट्टी बदलली, पुन्हा घेतलं. मग तिने बॅटरी लावून नाकात पाहिलं आणि तिथेच थबकली. मधला पडदा डावीकडे असा वाकलेला की ती बाजू जवळजवळ भिंतीलाच टेकली होती. एकूण अडसर साहेबांच्या तिपटीने.

"काकू, तुम्हाला कधीच त्रास झाला नाही?"

"कायचा त्रास? लहानपनी जात्यावर पडलो होतो, नाकातून रगत आलं होतं. मंग लग्न झालं."

चाळीस वर्षं या बाईने फुंकणीने चूल फुंकली, शेतात निंदण केलं, दोन बाळंतपणं केली, आणि कोणी विचारलंच नाही म्हणून त्यांचं नाक मोकळंच राहिलं. साहेब कधी पडद्याकडे, कधी काकूंकडे पाहत होते. मला वाटलं आता पाझर फुटेल. साहेब म्हणाले, "कवडी हाय वं तुह्यं नाक. अन् ताट माह्यापाशी मांगतं."

पोरीने आम्हाला दरवाजापर्यंत पोचवताना सांगितलं की असं होणं हा काही चमत्कार नाही. जगभर अनेकांनी दोन्ही मापं शेजारीशेजारी ठेवून पाहिली आहेत, आणि ती फारशी जुळत नाहीत. एकेका नाकपुडीचं वेगळं विचारलं, किंवा एक बाजू फारच बंद असली, तर थोडी जुळतात. एरवी कागद एक सांगतो, मुखवटा दुसरं. मग डॉक्टराने कोणाचं ऐकायचं, मी विचारलं. ती म्हणाली, ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवताना दोन्हींचं; बरं वाटलं की नाही हे विचारताना मात्र पेशंटचं. साहेब मागे वळून म्हणाले, "हे लिहून घे गा मास्तर." मी घेतलं.

परतीच्या बसमध्ये जामपर्यंत कोणी बोललं नाही. जामला साहेबांनी संत्री घेतली, काकूंना सोलून दिली. ही घटना मी मुद्दाम नोंदवतो; माझ्या पाहण्यात ती पहिलीच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुह्या बापाच्या कापसाले मी एकडाव फेअर देल्ला होता."

मी म्हटलं, हो.

"अठ्ठावीस होता. तेवढा पक्का होता." थोडा वेळ गेला. "कचरा मी जरा जास्त धरला असन." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले आणि हिंगणघाट येईपर्यंत छत्री काखेत दाबून बसले.

त्यानंतर ताट वाजणं बंद होईल असं गल्लीला वाटलं होतं. ते वाजतंच. फक्त आता दोनदा वाजतं. साहेब स्वतःची ग्रेड काढतात, मग काकूंना बोलावतात. काकू कणकेचे हात पदराला पुसत येतात, ताटावर फुंकल्यासारखा श्वास सोडतात, एकच डाग उमटतो. "उजवी फेअर. डावी मालच नाही," साहेब जाहीर करतात. काकू म्हणतात, "बरं," आणि ताट घेऊन आत जातात.

तीन महिन्यांनी पोरीचा फोन आला. ठरल्याप्रमाणे सगळ्यांना तेच पाच प्रश्न पुन्हा विचारायचे होते. साहेबांनी स्पीकर लावला, मला बोलावलं. आधी त्यांचे. चोंदणं दोन, बंद वाटणं दोन. "विक्स लावतो," ते म्हणाले. "फसवते, पन लावतो." चौथ्या प्रश्नाला, झोपेचा त्रास, त्यांनी ठणकावून चार सांगितले.

मग काकूंचे. शून्य. शून्य. शून्य. झोप?

"शून्य," काकू आतून म्हणाल्या.

"चार लिही!" साहेब ओरडले. "चार! रातभर घोरून राह्यली ते. त्या दिवसापासून मी कान देऊन पडला असतो का श्वास चालू हाय का बंद. मले झोप नाही."

"काका, पण हा प्रश्न काकूंचा आहे."

"नाक तिचंच हाय ना? मंग तिच्या नाकाचा त्रास मी सांगून राह्यलो. तुह्या यंत्रात तिचं बंद, अन् मले तिचा त्रास चार. जुळलं का नाही?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग पोरगी हसू दाबत म्हणाली, काका, इतकं चांगलं माझ्या एकाही पेशंटचं जुळलेलं नाही; पण हे मला प्रबंधात लिहिता यायचं नाही.

"काऊन?" साहेब म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता फोन काकूंच्या नाकाखाली धरला, श्वास ऐकवायला.